डिफ टूलमधला बदल तपासताना: कोड रिव्ह्यूची पायरीपायरीने रीत

दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या टूलमध्येच कोणी बदल केला, तर तो बदल आपण कशात बघतो? बहुतेक वेळा त्याच टूलमध्ये. टेस्ट हिरव्या दिसतात, फरक नीट रंगलेला दिसतो, आपण मंजुरी देऊन मोकळे होतो. पुढे कुणाच्या तरी फाइलमधली एक ओळ त्या टूलला दिसतच नाही आणि चूक तशीच मर्ज होते. साध्या वेबसाइटमधला बग वापरणाऱ्याला लगेच दिसतो. डिफ टूलमधला बग दुसऱ्यांच्या चुका झाकतो, म्हणून त्याचा रिव्ह्यू वेगळ्या रीतीने करावा लागतो.

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा भागात गावी राहून ओपन सोर्स प्रकल्पांना हातभार लावणारी मुलं-मुली आता बरीच आहेत. मेल्ड, डेल्टा, डिफ्टास्टिक यांसारखी टूल्स किंवा स्वतः लिहिलेलं छोटं तुलना-साधन त्यांच्या हाती असतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी. गिट रोज वापरता, ब्रांच आणि कमिट माहीत आहेत, एवढं गृहीत धरलं आहे.

## पायरी १: वीज आणि रेंज आहे तोवर सगळं उतरवून घ्या

रिव्ह्यू ब्राउझरमध्ये करायचा नाही, स्वतःच्या मशीनवर करायचा. गावात दुपारी लाइन गेली की टॉवरची रेंजही डळमळते आणि अर्धवट उघडलेल्या पानावर लिहिलेला शेरा हवेत विरतो. म्हणून आधी हे करा:

१. मूळ ब्रांच आणि बदलाची ब्रांच, दोन्ही गिट फेचने आणा.
२. गिट वर्कट्री वापरून दोन वेगळ्या फोल्डरमध्ये दोन्ही उघडा. एकाचं नाव 'जुनं', दुसऱ्याचं 'नवं'.
३. दोन्हीकडे लागणारी पॅकेजेस उतरवा आणि दोन्ही बिल्ड करा. नुसतं 'नवं' बिल्ड करून भागत नाही. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीला जुनं टूल शेजारी लागतं.
४. घरी नेटच नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी कुणाकडून गिट बंडल करून पेन ड्राइव्हवर आणा. इतिहासासकट सगळा रेपो एका फाइलमध्ये येतो आणि त्यातून नेहमीसारखं क्लोन करता येतं.

तपासा: मोबाइल डेटा बंद करा आणि दोन्ही फोल्डरमध्ये बिल्ड व टेस्ट पुन्हा चालवा. काही अडलं तर ते आत्ताच उतरवून घ्या.

## पायरी २: बदल बघायला तिसरं साधन ठरवा

कापूस विकताना काट्यावर शंका आली, तर त्याच काट्यावर पुन्हा वजन करून कोणी समाधान मानत नाही. गाडी दुसऱ्या काट्यावर नेतात. इथेही तेच करायचं. बदल वाचण्यासाठी आणि आउटपुट पडताळण्यासाठी, ज्याचा रिव्ह्यू चालू आहे त्याच्याशी संबंध नसलेलं साधन हवं. साधा युनिक्सचा डिफ आणि बाइट-बाइट तुलना करणारा सीएमपी पुरेसे आहेत. सीएमपी दिसायला गरीब आहे, पण तो काहीच रंगवत नाही आणि काहीच झाकत नाही.

सावध: 'मी तर गिट डिफच वापरतो' असं वाटतं, पण गिटच्या सेटिंगमध्ये पेजर (आउटपुट पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) म्हणून तेच टूल बसवलेलं असू शकतं. डेल्टा तर बहुतेक जण तसंच बसवतात. मग गिट डिफ लिहिलं तरी समोर येणारं चित्र त्या टूलचंच असतं. बाहेरचं डिफ टूल जोडणारी सेटिंग वेगळी असते, आणि गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमधून मजकूर बदलून दाखवणारा टेक्स्टकन्व्ह हा तिसरा रस्ता. तिन्ही बंद करून बघा: नो-पेजर, नो-एक्स्ट-डिफ आणि नो-टेक्स्टकन्व्ह. यातला नो-पेजर 'गिट' आणि 'डिफ' या दोन शब्दांच्या मध्ये लिहायचा असतो. बाकीचे दोन 'डिफ'च्या नंतर.

## पायरी ३: कोड उघडण्याआधी बदल कुठल्या थरात आहे ते ठरवा

डिफ टूलचे ढोबळ तीन थर असतात. एक तुलना करतो: कोणती ओळ राहिली, कोणती गेली, कोणती आली. दुसरा वाचतो: गिटने दिलेल्या डिफचा मजकूर फोडून त्यातून फाइली, हंक (फरकाचा एकेक सलग तुकडा), ओळी वेगळ्या करतो. तिसरा दाखवतो: रंग, रकाने, शेजारी-शेजारी मांडणी. कित्येक टूल्समध्ये पहिला थर नसतोच, कारण ती गिटचं आउटपुट घेऊन फक्त सजवतात.

बदल करणाऱ्याने लिहिलेला उद्देश वाचा आणि तो या तिनांपैकी कुठे बसतो ते एका ओळीत लिहून ठेवा. 'रंग सुधारले' असं शीर्षक आहे आणि बदल वाचणाऱ्या थरात गेलाय, असं दिसलं तर तिथेच थांबून विचारा. असं सापडतं, आणि बहुतेकदा त्यात वाईट हेतू नसतो. जाता जाता केलेली दुरुस्ती असते. पण ती वेगळ्या कमिटमध्ये हवी.

दोन ब्रांचमधला फरक बघताना दोन टिंबं वापरायची की तीन, इथे बरेच जण चुकतात. गिट डिफला दोन टिंबं दिली तर तो दोन्ही टोकांची थेट तुलना करतो, म्हणजे मधल्या काळात मूळ ब्रांचवर झालेलं दुसऱ्यांचं कामही उलटं होऊन फरकात दिसतं. तीन टिंबं दिली तर ब्रांच जिथून फुटली तिथपासूनचा फरक येतो. रिव्ह्यूला तीन टिंबं.

वाचण्याचा क्रम: आधी टेस्ट, मग वाचणारा थर, मग तुलना करणारा, शेवटी दाखवणारा. दिखाऊ भागापासून सुरुवात केली की तिथेच दम संपतो.

## पायरी ४: फरक लावून मूळ फाइल परत मिळते का ते बघा

सगळ्या रिव्ह्यूचा कणा हीच पायरी आहे. वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, ही सोडू नका.

जुनी फाइल घ्या, टूलने काढलेला फरक तिच्यावर लावा. नवी फाइल बाइट-बाइट तशीच मिळाली पाहिजे. मग तोच फरक उलटा लावा. जुनी फाइल परत मिळाली पाहिजे. टूल पॅच (फाइलवर लावता येणारा फरक) काढत नसेल, फक्त शेजारी-शेजारी दाखवत असेल, तर डाव्या रकान्यातल्या सगळ्या ओळी ओळीने जोडा. जुनी फाइल तयार झाली पाहिजे. उजव्या रकान्यातून नवी.

हे एका फाइलवर करून थांबू नका. कुठल्याही जुन्या रेपोचा इतिहास हाच तयार टेस्ट-साठा आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहा:

१. इतिहासातला एक कमिट आणि त्याचा पालक घ्या. मर्ज कमिट वगळा.
२. नव्या टूलने दोघांमधला फरक काढा.
३. पालकाचा ट्री (त्या कमिटमधल्या सगळ्या फाइलींची मांडणी) गिटच्या इंडेक्समध्ये भरा आणि गिट अप्लायने फरक तिथेच लावा.
४. गिट राइट-ट्रीने हॅश काढा आणि मूळ कमिटच्या ट्रीच्या हॅशशी ताडून बघा.

हॅश जुळला तर मजकूर, फाइलींची नावं आणि फाइलचा मोड, सगळंच जुळलं. मोडमध्येच टूल जास्त फसतात: एखादी स्क्रिप्ट चालवता येण्याजोगी केली, मजकूर तोच राहिला, आणि टूल म्हणतं 'काहीच बदल नाही'.

सावध: पॅच लागला म्हणजे तो बरोबर होता असं नाही. फरक लावणारा, 'पॅच' याच नावाचा प्रोग्राम सोयीसाठी आजूबाजूच्या ओळींत थोडी तफावत चालवून घेतो, ज्याला फझ म्हणतात. ओळीचे क्रमांक चुकले तरी जवळपास शोधून तो हंक लावतो. म्हणजे तुमच्या टूलने क्रमांक चुकीचे छापले तरी टेस्ट पास! फझ शून्यावर ठेवा आणि आउटपुटमध्ये 'ऑफसेट' हा शब्द आला तर ती चूक धरा. गिट अप्लायसुद्धा क्रमांक सरकवून घेतो, तेव्हा तो व्हर्बोज पर्यायासह चालवा. शिवाय तुमच्या गिट सेटिंगमध्ये स्पेस आपोआप दुरुस्त करण्याचा पर्याय लावलेला नाही ना, तेही बघा. नाहीतर न झालेली चूक दिसत राहील.

सावध: स्पेसकडे दुर्लक्ष करणाऱ्या पर्यायावर ही चाचणी लावू नका. तो फरक माणसाने वाचण्यासाठी असतो, लावण्यासाठी नसतो. आणि पायथॉनचा कोड तसा वाचूही नका, कारण तिथे इंडेंट बदलला की अर्थच बदलतो.

तपासा: एकच फाइल दोन्ही बाजूंनी दिली तर आउटपुट रिकामं येतं का? बाजू उलटवल्या तर फरक येतो का? मात्र उलटवलेला फरक पहिल्याचं हुबेहूब प्रतिबिंब असलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. दोन फाइलींमधला फरक अनेक बरोबर पद्धतींनी सांगता येतो. मायर्स आणि हिस्टोग्राम या गिटमधल्या दोन पद्धतीच एका जोडीचे वेगळे हंक देऊ शकतात.

## पायरी ५: मराठी मजकूर घालून बघा

परदेशात लिहिलेल्या टूलच्या टेस्टमध्ये देवनागरी क्वचितच असते. हे काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही, आणि आपल्याकडे तर त्यासाठीचा सगळ्यात अवघड शब्द रोजच्या तोंडात आहे: वऱ्हाड.

'शेतकऱ्याचे' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्या' संगणकात निदान तीन प्रकारे साठवला जातो.

१. ऱ हे एकच अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त व य.
२. साधा र, क्रमांक ०९३०, त्याला नुक्ता म्हणजे खालचा टिंब, सोळा-अंकी पद्धतीत क्रमांक ०९३सी, आणि पुढे हलन्त व य.
३. साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे, क्रमांक २००डी, आणि य.

पडद्यावर तिन्ही सारखेच. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर कोणता प्रकार उमटेल ते ठरतं. ग्रामपंचायतीच्या संगणकावर टाइप केलेली खातेदारांची यादी आणि मोबाइलवर दुरुस्त केलेली तीच यादी ताडली, की दोन दिसायला अगदी सारख्या ओळी लाल-हिरव्या दिसतात. वापरणारा गोंधळतो, 'टूल बिघडलं' म्हणतो, आणि कोणीतरी चांगल्या हेतूने बदल पाठवतो: तुलनेआधी मजकूर युनिकोडने ठरवलेल्या एनएफसी पद्धतीने एकसारखा करून घेऊ.

हा बदल आला की तीन गोष्टी बघा.

पहिली, एनएफसी केल्याने वरचे पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. म्हणजे दुरुस्ती अर्धीच आहे.

दुसरी आणि जास्त धोक्याची: ती अर्धी दुरुस्ती पुरी करायला कोणी न दिसणारे जोडक सरसकट गाळले, तर तिसऱ्या पद्धतीने लिहिलेला 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' टूलच्या लेखी एकच होतात. खरा बदल दिसेनासा होतो. यादीत 'दर्यापूर' असलेली ओळ टेस्टमध्ये जरूर घाला.

तिसरी, एकसारखा केलेला मजकूर फक्त तुलनेपुरता वापरलाय की आउटपुटमध्येही तोच छापला जातोय? छापला जात असेल तर पायरी ४ची चाचणी लगेच पडते.

माझं मत ठाम आहे: वापरणाऱ्याने वेगळं काही सांगितलं नसेल तर टूलने बाइटवरच तुलना करावी. मजकूर एकसारखा करणं हा वापरणाऱ्याने मागितलेला पर्याय असावा, आणि दोन ओळी दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या असतील तर टूलने युनिकोड क्रमांक दाखवावेत.

आता शब्दागणिक रंगवण्याकडे वळा. टूल शब्द कसे तोडतं ते कोडमध्ये शोधा. पायथॉनच्या साध्या रेगेक्समध्ये (मजकुरातला नमुना शोधण्याच्या सोयीत) 'शब्दातलं अक्षर' या खुणेत आपल्या मात्रा बसत नाहीत. त्यामुळे 'पेरणी' या शब्दाचे 'प' आणि 'रण' असे दोन तुकडे पडतात आणि मात्रा बाहेर राहतात. अक्षरागणिक रंगवणारं टूल 'पेरणि'चं 'पेरणी' केल्यावर नुसती मात्रा रंगवतं. रंगाचा कोड व्यंजन आणि मात्रेच्या मध्ये घुसतो आणि टर्मिनलवर मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. 'क्षेत्र' या शब्दात सात युनिकोड चिन्हं आहेत, अक्षरं दोन. जोडाक्षर मध्ये तोडू नये हा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३च्या आवृत्तीत आला. टूलने वापरलेली लायब्ररी त्याहून जुनी असेल तर 'क्ष' हलन्तानंतर तुटतो.

तपासा: वऱ्हाड, शेतकऱ्याचे, दर्यापूर, क्षेत्र, बोंडअळी असे शब्द असलेली छोटी फाइल बनवा. 'ऱ्य' तिन्ही प्रकारांनी घाला. एका ओळीत १२ देवनागरी अंकांत लिहा आणि नव्या आवृत्तीत तेच रोमन अंकांत करा. टूलने हे सारखं मानता कामा नये. फाइल हेक्सडम्पमध्ये (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनात) उघडून तिन्ही प्रकार खरोखर वेगळे साठवले गेलेत का ते बघा, कारण टाइप करताना किंवा चिकटवताना ते नकळत बदललेले असू शकतात.

## पायरी ६: कडेच्या फाइली

शेवटची ओळ. फाइलच्या शेवटी नवी ओळ असणे आणि नसणे हा खरा फरक आहे. डिफ त्यासाठी तिरप्या रेघेने सुरू होणारी सूचना छापतो. ती सूचना टूलने मजकुराची ओळ म्हणून मोजली का ते बघा.

हंकचा माथा. '@@ -१२,७ +१२,९ @@' याचा अर्थ जुन्या बाजूला सात ओळी, नव्या बाजूला नऊ. संख्या एक असेल तर ती लिहिलीच जात नाही. रिकाम्या फाइलीत पहिल्यांदा ओळी आल्या तर जुनी बाजू शून्य-शून्य येते. हे दोन्ही प्रकार टेस्टमध्ये हवेत.

उणे चिन्हांचा सापळा. एसक्यूएलमधली टिप्पणी दोन उणे चिन्हांनी सुरू होते. ती ओळ काढली की डिफमध्ये आणखी एक उणे लागतं:

@@ -४,३ +४,२ @@
 गट क्रमांक
--- पीक पाहणी
 क्षेत्र

तीन उणे म्हणजे नव्या फाइलचं शीर्षक, असं समजणारा कोड इथे घसरतो आणि पुढचा सगळा हंक हरवतो. माथ्यावरची संख्या मोजत वाचणारा कोड घसरत नाही. वाचणाऱ्या थरात बदल असेल तर ही टेस्ट आहे का ते विचारा; नसेल तर मागून घ्या.

विंडोजच्या फाइली. ओळीच्या शेवटी सीआर (विंडोज ओळ संपवताना घालतं ते जादा चिन्ह) असलेली फाइल एकदा तशीच, एकदा बदलून द्या. सगळी फाइल बदललेली दिसणं बरोबर आहे, पण का बदलली हे वापरणाऱ्याला कळलं पाहिजे.

जुन्या फॉन्टचा मजकूर. कृतीदेवसारख्या फॉन्टमधल्या फाइली बहुतेकदा यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) नसतात. टूलने न समजलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी तेच प्रश्नचिन्हाचं चौकट-चिन्ह टाकलं आणि मग तुलना केली, तर दोन वेगळे बाइट एकच ठरतात आणि फरक गायब होतो. 'डीकोड करताना क्रॅश होत होतं, ते दुरुस्त केलं' असं शीर्षक दिसलं की सगळ्यात आधी हे तपासा.

बायनरी. फाइलच्या पहिल्या ८००० बाइटमध्ये शून्य बाइट सापडला की गिट तिला बायनरी मानतं. यूटीएफ-१६मध्ये सेव्ह केलेली साधी यादीही त्यामुळे बायनरी ठरते.

फाइलचं नाव. 'शेतसारा' असं नाव दिलेली फाइल गिट \३४०\२४४\२६६ अशा अंकांनी दाखवतं, कारण कोट-पाथ ही सेटिंग मुळातच चालू असते. तुमच्या मशीनवर ती बंद असेल तर चूक तुम्हाला दिसणारच नाही. टेस्ट दोन्ही सेटिंगवर चालवा. टूल गिटकडून नावं घेताना झेड पर्याय वापरत असेल तर उत्तम. त्यात नावं जशीच्या तशी येतात.

## पायरी ७: अपेक्षित आउटपुटच्या फाइली डोळ्यांनी वाचा

'दादा, टेस्ट तं साऱ्या पास हायेत, मंग मर्ज काहून नाही करत?' हा प्रश्न मला सारखा येतो. उत्तर असं: डिफ टूलच्या टेस्ट बहुतेकदा साठवलेल्या आउटपुटशी तुलना करतात, आणि एका कमांडने ती साठवलेली आउटपुटं नव्याने लिहिता येतात. कोड चुकला, आउटपुट चुकलं, साठवलेली फाइलही त्याच चुकीसह नव्याने लिहिली, की सगळं हिरवं.

म्हणून नव्याने लिहिलेल्या फाइली वेगळ्या कमिटमध्ये मागा. त्यांतली प्रत्येक तिसऱ्या साधनाने वाचा आणि बदल उद्देशात बसतो का ते ठरवा. शंभर फाइली बदलल्या असतील तर प्रकारांनुसार गट पाडा, पण 'बाकीच्या अशाच असतील' असं म्हणून सोडू नका. बग नेमका त्या बाकीच्यांत असतो.

## पायरी ८: वेग आणि सुरक्षा

वेगासाठी एकच परीक्षा पुरते: एकमेकींशी काहीच न जुळणाऱ्या दोन मोठ्या फाइली. मायर्सची पद्धत फरक वाढेल तशी मंदावते. जुनं आणि नवं टूल त्याच मशीनवर, लागोपाठ चालवा.

सुरक्षेसाठी टूल पॅच लावत असेल तर वरच्या फोल्डरकडे जाणारा मार्ग नाकारतं का ते बघा. टर्मिनलवर दाखवत असेल तर फाइलीतले एस्केप कोड (टर्मिनलला हुकूम देणारी चिन्हं) जसेच्या तसे छापत नाही ना. ब्राउझरमध्ये दाखवत असेल तर फाइलीतले एचटीएमएल टॅग निष्प्रभ करतं ना. मजकुराची दिशा उलटवणारी न दिसणारी चिन्हं वापरून रिव्ह्यू करणाऱ्याला फसवता येतं, हे २०२१मध्ये 'ट्रोजन सोर्स' या नावाने समोर आलं. डिफ टूलने ती चिन्हं उघडी करून दाखवावीत.

## पायरी ९: शेरा लिहा, दुसरी फेरी करा

प्रत्येक आक्षेपासोबत दोन छोट्या फाइली जोडा: जुनी आणि नवी. सोबत टूलने काय दाखवलं आणि काय दाखवायला हवं होतं ते. देवनागरीचा प्रश्न असेल तर फाइली झिप करून द्या. मजकूर चिकटवला तर वाटेत कुठेतरी न दिसणारी चिन्हं गळतात आणि समोरचा म्हणतो, 'माझ्याकडे तर बरोबर चालतंय'. कोणता शेरा मर्ज अडवतो आणि कोणती नुसती सुचवणी आहे, हे शेऱ्याच्या पहिल्याच शब्दात सांगा. समोरचा माणूस हजारो मैलांवर असेल, देवनागरी त्याने कधी वाचली नसेल. अशा वेळी युनिकोड क्रमांक लिहून दाखवले की वाद होत नाही.

दुरुस्त ब्रांच आली की पूर्ण रिव्ह्यू पुन्हा करत बसू नका. गिटचा रेंज-डिफ दोन फेऱ्यांमधले कमिट समोरासमोर ठेवून फक्त काय बदललं ते दाखवतो, रिबेस केलेलं असलं तरी. तो मात्र पायरी २मधल्या सेटिंगसह, पेजर बंद करून चालवा. त्यानंतर पायरी ४ची स्क्रिप्ट आणि मराठी शब्दांची फाइल पुन्हा चालवा. दोन्ही नव्याने पास झाल्यावरच मंजुरी द्या, आणि ती शब्दांची फाइल त्याच प्रकल्पाच्या टेस्टमध्ये घालायचा वेगळा बदल स्वतः पाठवा.